बायपोलर मेंदूतल्या जनुकांवरचा शोधनिबंध कसा वाचावा

शोधनिबंध हातात आला की शीर्षक वाचा आणि थेट पहिल्या तक्त्याकडे जा. सारांश नंतर, चर्चा सगळ्यांत शेवटी. 'बायपोलर असलेल्यांच्या मेंदूत अमुक जनुक मंदावलेलं आढळलं' या वाक्यात किती दम आहे, ते जनुकाच्या नावावरून कळत नाही. मेंदू कोणाचे होते, किती होते, कसे जपले होते आणि कोणाच्या मेंदूंशी ताडून पाहिले, यावरून ते कळतं. बहुतेक वेळा हे सगळं त्या पहिल्या तक्त्यात असतं.

गोठवलेल्या मेंदूच्या तुकड्यांतून आरएनए काढणं हे माझं काम. माझ्या दादाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा मनोविकार. तो त्यावरचं लिथियम हे औषध घेतो, आणि या विषयावरची कुठलीही बातमी दिसली की मला पाठवून विचारतो, "हे माझ्याबद्दल आहे का गं?" त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून वाचायची जी पद्धत मी लावून घेतली, ती इथे लिहिते आहे. रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना आणि या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल.

नेमकं काय मोजतात, ते आधी सांगते. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. पण कुठलं किती चालू, हे पेशीगणिक आणि वेळेगणिक बदलतं. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात. त्या मोजल्या की जनुकाची अभिव्यक्ती कळते. तेव्हा 'अभिव्यक्ती कमी' म्हणजे जनुक बिघडलेलं, असं समजू नका. डीएनएतला फरक जन्मापासून असतो. अभिव्यक्तीतला फरक मात्र वयाने पडतो, औषधाने, सिगारेटने, तापानेही पडतो. शेवटचे काही तास कसे गेले, त्यानेसुद्धा पडतो. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा असा सहज काढता येत नाही, म्हणून यातलं बहुतेक संशोधन मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवरच चालतं.

पहिल्या तक्त्यात काय पाहायचं

तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे माणूस आहे. त्याच्या घरच्यांनी दुःखाच्या पहिल्या काही तासांत परवानगी दिली, पुढे मुलाखतीही दिल्या. आजाराचं निदान पक्कं करण्यासाठी या मुलाखती आणि जुनी वैद्यकीय कागदपत्रं मनोविकारतज्ज्ञ तपासतात. तक्ता वाचताना हे मनात असू द्या. मी माझ्या टेबलावर नळ्यांवरचे आकडे लिहिते तेव्हा ते माझ्या मनात असतं.

मेंदूंची संख्या पाहा, आणि लगेच ते कुठल्या संग्रहातले आहेत तेही पाहा. बायपोलरच्या जुन्या अभ्यासांपैकी पुष्कळसे अमेरिकेतल्या स्टॅनले संस्थेच्या मेंदूंच्या दोन संग्रहांवर उभे आहेत. एकात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य आणि निरोगी अशा चार गटांत प्रत्येकी १५ मेंदू, तर दुसऱ्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि निरोगी अशा तीन गटांत प्रत्येकी ३५. याच मेंदूंचे तुकडे जगभरच्या प्रयोगशाळांना मिळाले. म्हणून 'अनेक अभ्यासांत हेच दिसलं' असं वाचलं की थांबा. त्या अनेक अभ्यासांत तेच ३५ जण पुन्हा पुन्हा मोजलेले असतील, तर तो एकच साक्षीदार आहे.

मग तीन रकाने शोधा: मृत्यूनंतर मेंदू गोठवेपर्यंत गेलेले तास, मेंदूच्या ऊतीचा पीएच, आणि आरआयएन. आरआयएन म्हणजे आरएनए किती शाबूत आहे त्याचा १ ते १० असा गुण. आमच्याकडे तुकडा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून बाहेर येतो तो थेट कोरड्या बर्फावर. तो वितळला की ऊतीतलीच एन्झाइम्स आरएनएचे तुकडे पाडायला लागतात. आरएनए चांगला असेल तर यंत्राच्या आलेखावर रायबोसोमच्या आरएनएची दोन शिखरं सुबक उभी राहतात. खराब असेल तर शिखरं ढासळून सगळा माल डावीकडे, लहान तुकड्यांच्या बाजूला, सरकलेला दिसतो. साधारण ६ किंवा ७ च्या खालचे नमुने बरेच जण वगळतात. एका गटाची सरासरी ८ आणि दुसऱ्याची ६.५ असेल, तर पुढच्या सगळ्या आकृत्यांकडे मी संशयाने पाहते, मग त्या कितीही देखण्या असोत.

पीएचचं प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. २००४ साली हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावरच्या एका अभ्यासात बायपोलर गटात मायटोकाँड्रियाशी, म्हणजे पेशीच्या ऊर्जानिर्मितीशी, संबंधित बरीच जनुकं मंदावलेली दिसली. कल्पना पटण्यासारखी होती. उन्मादात ऊर्जा उतू जाते, नैराश्यात संपते, मग दोष ऊर्जेच्या यंत्रणेतच असणार! पण त्याच सुमारास इतर गटांच्या लक्षात आलं की माणूस दीर्घ आजारात, ताप-धाप सोसत, हळूहळू गेला तर मेंदूत आम्ल साचतं, पीएच उतरतो, आणि नेमकी हीच मायटोकाँड्रियाची जनुकं मंदावतात. अचानक गेलेल्या माणसाच्या मेंदूत तसं होत नाही. पीएच हिशेबात धरला की तो मोठा फरक बराचसा ओसरला. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं, औषधांचा परिणामही वेगळा काढून पाहिला, आणि चित्र पहिल्याइतकं सरळ राहिलं नाही. मायटोकाँड्रियाचा बायपोलरशी काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण मृत्यू कसा आला याची खूण आजाराच्या खुणेपेक्षा ठळक असू शकते, हे त्यातून पक्कं कळलं. म्हणून पीएचचा रकानाच नसलेला तक्ता मी अर्धाच मानते.

मृत्यूचं कारणही पाहा. बायपोलर गटात आत्महत्येने गेलेले जास्त आणि निरोगी गटात हृदयविकाराने गेलेले जास्त, असं वारंवार असतं. मग आढळलेला फरक आजाराचा, की त्या शेवटच्या काळातल्या ताणाचा? दारू, सिगारेट, इतर पदार्थ यांचंही तेच. चांगले लेखक हे घटक गणितात घेतात आणि कुठले घेतले ते स्पष्ट लिहितात.

औषधं

दादाचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि तो अगदी बरोबर प्रश्न आहे. ज्यांचे मेंदू दान झाले त्यांतल्या बहुतेकांनी वर्षानुवर्षं औषधं घेतलेली असतात. व्हॅल्प्रोएट हे बायपोलरवरचं औषध हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज नावाच्या एन्झाइमांना अडवतं, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. ही एन्झाइम्स डीएनएची गुंडाळी घट्ट ठेवायला मदत करतात. थोडक्यात, जनुकं चालू-बंद होण्याच्या यंत्रणेवरच या औषधाचा हात पडतो. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींना जगवणारं बीसीएल-२ हे प्रथिन वाढतं, हे १९९९ पासून माहीत आहे. मग बायपोलर गटात एखादं जनुक वाढलेलं दिसलं, तर ते आजाराने वाढलं, औषधाने वाढलं, की आजाराला तोंड देताना मेंदूनेच वाढवलं, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

संशोधक यावर उपाय करतात. लिथियम घेणारे आणि न घेणारे वेगळे काढून ताडतात, औषधं दिलेल्या माकडांच्या मेंदूत तेच बदल दिसतात का ते पाहतात. पद्धतीच्या भागात असं काही शोधा. सापडलं नाही तर निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण त्याला 'आजाराची खूण' म्हणायची घाई करू नका.

इथे एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगायची आहे. असा निबंध वाचून कोणीही औषध थांबवू नये किंवा कमी करू नये. 'औषधाने जनुकांची अभिव्यक्ती बदलते' हे ऐकायला भीतिदायक वाटतं, पण शरीरात काम करणारं जवळपास प्रत्येक औषध कुठे ना कुठे ते करतंच. व्यायामानेही ती बदलते. लिथियमची रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या वेळेवर करायच्या आणि औषधाचं जे काही ठरवायचं ते डॉक्टरांशी बोलून.

कुठला भाग, कुठल्या पेशी

'मेंदूत आढळलं' म्हणजे कुठे? कपाळामागचा डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, अँटिरिअर सिंग्युलेट, अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस, स्ट्रायाटम: प्रत्येकाची जनुकं वेगळ्या सुरात चालतात. एकाच माणसाच्या दोन भागांतला फरक दोन माणसांच्या एकाच भागातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो.

आणि तुकडा कितीही लहान असला तरी त्यात सगळ्या जातींच्या पेशी एकत्र असतात. चेतापेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट, मायक्रोग्लिया, मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) बनवणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी. तो सगळा दळून आरएनए काढला की सभागृहाबाहेर उभं राहून आतला गलका ऐकल्यासारखं होतं. आवाज कमी झाला तर लोक हळू बोलताहेत की निम्मे उठून गेलेत, हे बाहेरून कळत नाही. माझ्या टेबलावर हे रोज घडू शकतं. करड्या भागाचा तुकडा कापताना पातं थोडं खोल गेलं आणि पांढरा भाग जास्त आला, की मायलिनची एमबीपी, पीएलपी१ ही जनुकं एकदम उसळी घेतात. यादीत वरच्या बाजूला ही नावं दिसली, तर आधी कापणीचा विचार करा आणि मग आजाराचा. अलीकडे गोठलेल्या ऊतीतून एकेका पेशीचं केंद्रक सुटं करून त्यातला आरएनए मोजतात. त्यामुळे पेशींची जात कळते, पण खर्च आणि मेहनत जास्त, म्हणून माणसांची संख्या अनेकदा कमी राहते.

आकडे

२०,००० जनुकं तपासली आणि प्रत्येकासाठी ०.०५ ची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना केवळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) पुरेशी मानली, तर कुठलाही फरक नसताना केवळ योगायोगाने सुमारे १,००० जनुकं 'सापडतील'. म्हणून इतक्या चाचण्या धरून दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यू किंवा एफडीआर (सापडलेल्यांपैकी खोटी किती असतील त्याचा अंदाज) दिली आहे का, एवढं पाहायचं. नसेल तर निबंध बाजूला ठेवा.

दुसरा आकडा फरकाच्या आकाराचा. तो २ पाया असलेल्या लॉगमध्ये देतात: १ म्हणजे दुप्पट, ०.२६ म्हणजे सुमारे १.२ पट. बायपोलरमध्ये बहुतेक फरक या दुसऱ्या जातीचे असतात. दोन्ही गटांचे ठिपके एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एखाद्या माणसाचा आकडा पाहून तो कुठल्या गटातला हे ओळखता येत नाही. म्हणूनच निदान आजही माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलून होतं. 'जनुकांच्या अभिव्यक्तीवरून बायपोलर ओळखू' असं म्हणून कोणी रक्ततपासणी विकू लागलं तर पैसे देऊ नका. रक्तातली अभिव्यक्ती आणि मेंदूतली अभिव्यक्ती या तशाही दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आजवर काय टिकलं

इतक्या गाळण्या लावल्यावर काही उरतं का? उरतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

२०१८ मध्ये दोन मोठी कामं प्रसिद्ध झाली. पहिल्यात ७०० मेंदूनमुने एकत्र करून ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य आणि मद्यासक्ती यांची तुलना केली. ज्या आजारांचा आनुवंशिक वारसा एकमेकांशी जास्त जुळतो, त्यांच्या अभिव्यक्तीतले बदलही जास्त जुळतात असं दिसलं, आणि बायपोलर व स्किझोफ्रेनिया एकमेकांच्या बरेच जवळ आढळले. दुसऱ्यात, सायकएन्कोड या संशोधनगटाच्या कामात, १,६९५ जणांचे मेंदू होते. तिथे जनुकाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याच्या प्रती कशा जोडल्या-तोडल्या जातात यातले बदल अधिक बोलके ठरले.

मग २०२२ चा अमिग्डाला आणि अँटिरिअर सिंग्युलेटवरचा अभ्यास: २९५ जण, ५११ नमुने. एकत्र वरखाली होणाऱ्या जनुकांचे दोन समूह आजाराशी जोडलेले निघाले. एक रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचा, दुसरा चेतापेशींच्या जोडणीच्या ग्राहक बाजूचा, आणि दोन्हींची अभिव्यक्ती बायपोलरमध्ये कमी. यातला पहिला समूह मुद्दाम लक्षात ठेवा. २०१० मध्ये प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागावर, १० विरुद्ध १० मेंदूंच्या अभ्यासात, दाहाच्या खुणा वाढलेल्या आढळल्या होत्या. 'बायपोलर म्हणजे मेंदूचा दाह' हे वाक्य अशाच निष्कर्षांवर पसरलं. मोठ्या अभ्यासात, वेगळ्या भागांत, दिशा उलटी निघाली. मेंदूचा भाग वेगळा, माणसांची संख्या वेगळी, पद्धतही वेगळी. कोणी तुम्हाला ते वाक्य ठणकावून सांगितलं, तर या दोन अभ्यासांची आठवण करून द्या.

कार्यकारणाच्या गाठीवर सध्याचा सर्वांत चांगला इलाज म्हणजे अभिव्यक्तीला डीएनएशी जोडून वाचणं. वारशाने मिळालेला डीएनए औषधाने किंवा मृत्यूच्या पद्धतीने बदलत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बायपोलर असलेल्या १,५८,०३६ लोकांची तुलना सुमारे २८ लाख इतरांशी केली आणि जीनोमवर २९८ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा अगदी लहान आहे. म्हणून 'बायपोलरचं जनुक' असं एकवचन कुठेही दिसलं की तो लेख विश्वासाने वाचू नये. अशी एखादी जागा मेंदूत कुठल्या जनुकाची अभिव्यक्ती वरखाली करते हे दाखवता आलं, तर साखळीची पहिली कडी आजाराच्या आधीची असते. २०२२ च्या त्या अभ्यासाने तोवर माहीत असलेल्या जागांपैकी निम्म्याहून अधिक जागांसाठी हे करून दाखवलं. एससीएन२ए आणि जीआरआयएन२ए ही नावं तिथे पुढे आली. दोन्ही चेतापेशींच्या विद्युत आणि रासायनिक संदेशांशी निगडित आहेत. निबंधात असा धागा असेल, तर तो भाग दोनदा वाचा.

एक उणीव मात्र कुठल्याच गाळणीने जात नाही. मेंदू एकाच क्षणाला थांबलेला असतो. तो माणूस तेव्हा उन्मादात होता, नैराश्यात होता की बरा होता, हे अनेकदा नोंदलेलंच नसतं. म्हणून रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून बनवलेल्या जिवंत चेतापेशींचा अभ्यास जोडीला हवा. २०१५ मध्ये अशा पेशी नेहमीपेक्षा जास्त उत्तेजित दिसल्या, आणि लिथियमने ती उत्तेजना फक्त लिथियम लागू पडणाऱ्या रुग्णांच्या पेशींत उतरली. मृत मेंदूतून हे कधीच कळलं नसतं.

स्वतः करून पाहा

ज्यांना संगणकाची भीती नाही त्यांनी एक संध्याकाळ काढून हे कराच. अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेचं जीईओ (GEO) हे अभिव्यक्तीच्या माहितीचं भांडार सगळ्यांसाठी मोफत खुलं आहे. तिथे जीएसई ५३८८ हा क्रमांक इंग्रजी अक्षरा-अंकांत (GSE5388) टाका. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे बायपोलर आणि निरोगी मिळून ६१ नमुने समोर येतील. पानाच्या तळाशी जीईओ२आर हे बटण आहे. ते दाबलं की नमुन्यांची यादी उघडते, वय, पीएच, मृत्यूनंतरचे तास, लिथियम अशा नोंदींसकट.

लगेच आजाराकडे वळू नका. आधी पुरुष आणि स्त्रिया असे दोन गट करा आणि विश्लेषण चालवा. यादीच्या अगदी वर एक्सआयएसटी आणि आरपीएस४वाय१ ही नावं यायला हवीत. पहिलं स्त्रियांमध्ये भरपूर, दुसरं वाय गुणसूत्रावरचं. खरा, निर्विवाद फरक किती मोठा दिसतो आणि त्याची दुरुस्त पी-व्हॅल्यू किती लहान असते, हे डोळ्यांना कळतं. ही नावं आली नाहीत तर गट चुकले, पुन्हा करा.

मग पीएच जास्त असलेले आणि कमी असलेले असे गट करून यादी उतरवून ठेवा. त्यानंतरच बायपोलर विरुद्ध निरोगी. आता तिन्ही याद्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. आजाराच्या यादीतली जी जनुकं पीएचच्या यादीतही वर आहेत, त्यांच्यावर खूण करा. हे साधन वय किंवा पीएच एकाच वेळी हिशेबात धरत नाही, म्हणून ही खूण हातानेच करावी लागते.

उरलेल्या नावांपैकी दोन-चार घेऊन जीएसई ५३९८७ (GSE53987) या दुसऱ्या संचात पाहा. तिथे एकाच माणसाचे तीन भागांतले नमुने आहेत, तेव्हा एका वेळी एकच भाग निवडा, नाहीतर एक माणूस तीनदा मोजला जाईल. दाते कुठल्या संग्रहातले आहेत तेही दोन्हीकडे तपासा. जनुक एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल, तर ते नाव खोडा. दिशा जुळली, तर त्या जनुकाजवळ २९८ पैकी एखादी जागा आहे का, ते शोधायला लागा.